टिपणीसकाकांचं स्टूल

टिपणीसकाका भांडायला जाताना स्वतःचं स्टूल घेऊन जातात. घडीचं, पत्र्याचं, पायांना गंज चढलेलं. "ज्याच्याशी भांडायचं त्याच्या सोफ्यावर बसू नये," हे त्यांचं तत्त्व. "सोफ्यात माणूस रुततो आणि भांडणही रुततं." त्याच न्यायाने समोरच्याचं पाणी प्यायचं नाही, चहा तर नाहीच. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यामुळे जिन्यात स्टूल खणखणलं की मला कळतं, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

मी पडलो भांडणाला घाबरणारा. रिक्षावाला सुट्टे नाहीत म्हणाला की "राहू दे" म्हणून उतरणारा. म्हणूनच असेल, पण काकांकडे मी किल्ल्याकडे बघावं तसा मान वर करून बघत आलोय.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गाडीचं इंजिन गेलं. गाडी चालवत होत्या काकू. बँकेतून रिटायर झाल्यावर त्या हौसेने ड्रायव्हिंग शिकल्या आणि दर रविवारी काकांना शेजारी बसवून डोंबिवलीला बहिणीकडे जायच्या. अशाच एका रविवारी परतताना माजिवड्याला बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. वॉरंटी नुकतीच संपलेली. सर्व्हिस सेंटरने आधी तेच ऐकवलं. मग तिथल्या मॅनेजरने चारचौघांत काकूंना विचारलं, "मॅडम, इंजिन तापलं की लाल दिवा लागतो. तुम्हाला दिसला नाही का?"

"दिवा लागलाच नाही," काकू म्हणाल्या. मागून कुणीतरी हसलं.

घरी येऊन काकूंनी लायसन्स कपाटात टाकलं. "माझ्याच हातून गेली गाडी. आता नाही बाई चालवणार," म्हणाल्या. डोंबिवलीचं नावही काढेनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यात स्टूल वाजलं.

काकांना स्कूटरवरून सोडायला मीच गेलेलो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. सर्व्हिस सेंटरला लागूनच शोरूम; चकचकीत फरशी, गुबगुबीत सोफे, आणि हार घातलेल्या नव्या कोऱ्या गाडीशेजारी काकांनी स्टूल उघडलं.

"काका, वॉरंटी संपलीय ना पण," मॅनेजर म्हणाला.

"मुद्दा तो नाही. दिवा लावून दाखवा."

"अहो, पण चालवणाऱ्याने लक्षच नाही दिलं तर कंपनी काय करणार?"

"दिवा लावून दाखवा."

हे रोज चाललं. आवाज चढवणं नाही, टेबल आपटणं नाही. दुपारी डब्यातलं थालीपीठ, घरून आणलेलं पाणी आणि दिवा लावून दाखवा. नवी गाडी घ्यायला आलेल्या एका कुटुंबाने त्यांना पेढा दिला, तो मात्र घेतला. "पेढा तुमचा आहे, यांचा नाही," म्हणाले.

शेवटी मॅनेजर अर्ध्या खर्चावर आला. मी म्हटलं, "काका, पडतंय ते पदरात पाडून घ्या. नसेल दिसला काकूंना दिवा."

काका जन्मभर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. नापास मालाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ती म्हणते लागला नाही. म्हणजे लागला नाही."

माझी बायको दूध उतू गेलं नाही म्हणाली, तरी मी ओटा बघून येतो.

अखेर मॅनेजर कंटाळला. काकांच्या सांगण्यावरून मेकॅनिकने इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर वायरसकट बाहेर काढला आणि सर्व्हिस सेंटरच्याच चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवला. चावी फिरवली. पाणी खळखळत होतं, आम्ही सगळे डॅशबोर्डवर वाकलेलो, आणि दिवा काही लागेना. नवा सेन्सर जोडून बुडवला, तर लगेच लालभडक.

मॅनेजरने टाय सैल केला. "काका, मी वर बोलतो. इंजिनचं पूर्ण आम्ही करू."

"कराल ते करा. मुद्दा तो नाही."

"मग मुद्दा काय आहे, काका?" बिचारा रडायचाच बाकी होता.

"हे घरी येऊन तिला सांगा."

तो संध्याकाळी खरंच आला. स्टूल दाराआड उभं होतं. काकांनी त्याला सोफ्यावर बसवलं.

"काकू, दिवा लागलाच नव्हता," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर होतात. चूक आमची आहे. सॉरी."

काकू पदराला हात पुसत उभ्याच राहिल्या. हात कोरडे झाले तरी पुसत राहिल्या. मला राहवेना. "अहो काकू, काका तर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते!"

"ते सांगणारच रे," काकू म्हणाल्या. "ते माझ्याच बाजूचे."

मग त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. मॅनेजरच्या हातात कप देताना म्हणाल्या, "गाडी कधी मिळेल? डोंबिवलीला जायचं राहिलंय माझं."

काका माझ्याकडे वळले. "हा मुद्दा होता," हळूच म्हणाले, आणि चहात साखर कमी पडल्याची तक्रार करायला लागले.