श्रीखंडशाळेत फितूर जाहला त्याची हकीकत

श्री. लाजेची गोष्ट लिहिताना लेखणी अडखळू नये, इतके देणे कुलदेवतेने द्यावे, मग पुढील मजकूर. शके १९४१ विकारी नाम संवत्सरे, आश्विन मासी, दसरा तोंडावर आला असता एका राज्यात अनर्थ जाहला. त्या राज्याचे वैभव म्हणजे श्रीखंड, आणि श्रीखंडशाळेचे दारोगे त्रिंबकजीबावा, वीस वर्षे चाकरीत, शुचितेबद्दल धनीसरकारांकडून जरीचा शेला मिळालेले. जरीकाम काळे पडेल म्हणोन तो शेला कधी धुतला नाही, आणि रोज सकाळी त्याच शेल्याच्या पदराने पातेल्याचे तोंड पुसावे, हा बावांचा मान.

पातेली धुण्याचे काम राहीबाईंकडे. त्यांनी भांडे घासावे, आणि मग यीस्ट व बुरशी हे न दिसणारे गनीम मारावयास क्लोरीनचे औषध फवारावे, आणि दहा मिनिटे कोणी हात लावू नये, ऐसा शिरस्ता. परंतु बावांना धीर कोठला? राहीबाई म्हणत, "बावा, थांबा की जरा. औषधाला त्याचं काम करू द्या." बावा म्हणत, "वीस वर्षं हेच करतोय, मला शिकवू नकोस," आणि शेला फिरवीत. मग दसऱ्याचे श्रीखंड निघाले, आणि दुसरे दिवशी डब्यांची झाकणे फुगली, उघडिता आत फसफसलेले, वास ताडीचा. सरकारांनी भर कचेरीत जाब पुसिला, आणि बावा क्षण न दवडिता बोलिले, "राहीबाईने औषधात पाणी घातले." बाईंनी हातमोजे काढोन कचेरीच्या ओट्यावर ठेविले आणि चालत्या जाहल्या.

मग नवी बाई आली, औषध तेच, आणि झाकणे पुन्हा फुगली. तपासनीस येऊन म्हणाले, "धुतलेली भांडी स्वच्छ आहेत. घाण मागाहून लागते आहे." बावांना शेला आठवला. घरी जाऊन शेल्याची घडी उलगडली, तो आत बुरशीचे काळे ठिपके आणि आंबूस वास. कानशिले तापली, बायकोसमोर मान वर होईना. शेला घरी राहिला आणि श्रीखंड सुधारले. तेव्हा बावा राहीबाईंच्या दारी गेले आणि म्हणाले, "बाई, चूक माझी होती." बाई म्हणाल्या, "माझं नाव भरल्या कचेरीत घेतलंत ना? मग तिथंच सांगा. माझ्या दारात सांगून काय उपयोग?"

बावा कचेरीत गेले. तोंड उघडण्याआधीच सरकार प्रसन्न होऊन म्हणाले, "बावा, नाव राखलेत. आता पेढ्यांचा कारखानाही तुम्हीच पाहा. ती बाई गेली, ते बरंच झालं ना?" सारी कचेरी बावांकडे पाहात होती. खरे शब्द ओठांवर आले, आणि मग बावा म्हणाले, "जी, सरकार."

ऐसी हकीकत. गनीम हटला, श्रीखंड गोड राहिले, राहीबाई अद्याप घरी आहेत, आणि बावा त्यांच्या आळीने जात नाहीत. कळावे.