स्वानंदरावांच्या जन्मतारखेवरील स्वारीची हकीकत

समस्त पनवेलकर मंडळींचे सेवेसी, सेवक अविनाशराव, स्वानंदरावांचे मामा, यांची विज्ञापना ऐसीजे. शके एकोणीसशे तेहतीस, खरनाम संवत्सरी, आषाढमासी आमचे भाच्याच्या जन्मतारखेवर स्वारी जाली आणि ठरत आलेली सोयरीक बुडता बुडता वाचली. जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे काही घालण्याची गरजच पडली नाही.

स्वानंदराव हे पनवेलीचे दिनानाथपंत आणि आमची भगिनी कुमुदबाईसाहेब यांचे एकुलते चिरंजीव, कळंबोलीच्या लोखंडबाजारात संगणकाचे मनसबदार. त्यांची सोयरीक खांदा कॉलनीचे गुरुदत्तपंत यांची कन्या चारुताबाई यांजशी बोलली होती. अठ्ठावीस गुण जुळले, आणि मग उभयतां एकदा मिसळ खाऊन आले, तेव्हापासून चिरंजीवांचे चित्त ठिकाणी नव्हते. करीन तर हीच, ऐसा त्यांचा निश्चय जाला.

ऐसियात एके दिवशी एस.टी. स्थानकासमोरील सायबर कॅफेत स्वानंदराव फेसबुकाचा दरवाजा सताड उघडा टाकून वडापाव आणावयास गेले. शेजारी शाळेपासूनचे जिवलग, उरणकर प्रणितराव, दबा धरून होतेच. त्यांनी रिकामे तख्त पाहिले, आणि बसले, आणि डिसेंबरातील जन्मतारीख पुसून आजची घातली, आणि मग साळसूदपणे बाजूस सरून वडापावाबरोबर जादा चटणी मागितली.

दोन प्रहर न लोटती तो शुभेच्छांची फौज चालून आली. एकशे त्रेचाळीस असामी. खुद्द मामांनी केकाचे चित्र डकवून शतायुषी होण्याचा आशीर्वाद दिला. भाच्याची तारीख आम्हांस कधीच ठाऊक नव्हती, हे येथे शरमेने नमूद करितो. स्वानंदराव जात्याच भिडस्त. लोक इतके प्रेमाने लिहितात, त्यांचा हिरमोड कशास, म्हणोन त्यांनी एकूणएकास 'धन्यवाद' लिहिले. येथेच घात जाला.

कारण गुरुदत्तपंतांनी जावई पारखण्याचे मसलतीने नुकतेच फेसबुकावर ठाणे दिले होते. त्यांनी तारीख पाहिली, मामांचा केक पाहिला, जावयाचा धन्यवाद पाहिला, आणि मग कपाटातील पत्रिका काढिली. तीत मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, मंगळवार. मुलाचा मंगळ लपविण्याकरिता पत्रिकाच बनावट केली, ऐसा त्यांचा ग्रह जाला आणि फोनवरून हुकूम सुटला जे, सोयरीक मोडली, येणेजाणे बंद.

स्वानंदरावांनी अन्न टाकिले. प्रणितराव तारीख पूर्ववत करू गेले, तो फेसबुकाने जाब दिला की इतक्यात पुन्हा बदल होणे नाही. जन्मदाखला धाडिला, तो गुरुदत्तपंत वदले, पत्रिका बनविणारास दाखला काय जड. प्रणितरावांनी जाऊन गुन्हा कबूल केला, तो वदले, मित्र मित्रासाठी खोटे बोलणारच.

तेव्हा प्रणितराव आपल्या मातुश्री गुणाबाई यांस शरण गेले. तीस वर्षे पनवेलीत दारोदार मासळी विकणारी ही बाई. तिने प्रथम चिरंजीवांचे पाठीत धपाटा घातला, आणि मग त्यांस पुढे घालून, दिनानाथपंत, कुमुदबाई व स्वानंदरावांस बरोबर घेऊन, खांदा कॉलनी गाठली आणि साक्ष दिली ती ऐसी:

"साहेब, मना तारीक-बिरीक कलत नाय. पन कंच्या घरात कंच्या वारी मासली चालत नाय, त्ये माज्या तोंडपाठ हाय. नायतर धंदा कसा करनार? ह्यो स्वानंद झाला त्या दिशी अंगारकी व्हती. आख्ख्या आलीत येक दार उघारलं नाय. मी परत निघाले, त येकाच घरातनं मागल्या दारानं हाक आली. बायको दवाखान्यात हाय, घरात कोन नाय, दोन पापलेटं दे न कुनाला सांगू नको. सव्वीस वर्सं नाय सांगितलं."

कुमुदबाईसाहेबांनी मान वळवून दिनानाथपंतांकडे पाहिले. गुरुदत्तपंतांनी विचारिले, हे खरे काय? पंतांनी एकवार पत्नीकडे आणि एकवार लेकाच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिले. बापाचे काळीज ते, लेकाकडे झुकले.

"होय," पंत म्हणाले. "दोन्ही मीच खाल्ली."

"मी कळा सोसत होते," कुमुदबाई हळू म्हणाल्या, "आणि तशात चंद्रोदयापर्यंत उपास धरला होता."

गुरुदत्तपंतांनी मनी विचार केला जे, पत्रिका कोणीही बनवील, परंतु अंगारकीची पापलेटे बायकोसमक्ष कोणी बनवून सांगणार नाही. त्या सालचे पंचांग उघडिले, तिथी व वार बरोबर निघाले, आणि सोयरीक बहाल जाली. चारुताबाई आतून पेढे घेऊन आल्या. ते कधी आणवून ठेविले होते, हे कोणी विचारिले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. प्रणितरावांनी एकशे त्रेचाळीस असामींस एकेक करून माफी लिहिली. आपले पक्षाकडील दिनानाथपंत कामी आले. त्यांस घरात मासळी बंद, ती आजतागायत. सेवकाने कळवळून मेहुण्यांस आपले घरी जेवावयास बोलाविले, पापलेटेही आणविली. पंत वेळेवर आले. हाती डबा होता, आणि भगिनीने त्यात दोडका भरून दिला होता.