नव्वदच्या आतला नवरदेव

मी एखादी गोष्ट ठरवली की ती होतेच. तीन महिन्यांत अठ्ठावीस किलो उतरवायचे ठरवले, तेव्हा मला काळजी एवढीच होती की उतरल्यावर जुन्या पँटी कुणाला द्यायच्या.

कारण होतं घोडी. माझं लग्न चैतालीशी ठरलं. वरात विहारापासून मंडपापर्यंत घोडीवरून काढायची, म्हणून मी आणि माझा चुलतभाऊ पप्पू नांदूरघाटला बजरंग घोडेवाल्याकडं गेलो. बजरंगनं इसार घेण्याआधी माझ्याकडं बघितलं, मग घोडीकडं बघितलं, आणि मला शेजारच्या आडत दुकानातल्या काट्यावर उभं केलं. एकशे अठरा.

"सोयाबीन असतं तर बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "पण माझी घोडी नव्वदच्या वर घेत न्हाई, भाऊ."

"अठ्ठावीस किलोचं काय एवढं?" पप्पू म्हणाला.

"अठ्ठावीस किलोचं तिसरीतलं लेकरू असतंय बे. घोडीवर नवरदेव एकटाच बसतो."

घरी आईला सांगितलं. आमच्या आज्याला गावात घोड्यावर बसू देत नव्हते. वडलांच्या वेळेला बसू देत होते, पण परवडत नव्हतं. ते सायकलवर गेले. आता गावाची हरकत नव्हती, इसार खिशात होता, आणि घोडी नको म्हणत होती.

"आपल्या घरातलं माणूस घोड्यावर बसलेलं एकदा बघू द्या," आई म्हणाली. "मग मी डोळे मिटायला मोकळी."

"मग नकू बसू दादा," पप्पू म्हणाला. "काकू तेवढीच जगंल."

मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर दोन दिवस घालवल्यावर समजलं की वजन उतरवायच्या दोनच वाटा आहेत. एक, ऑपरेशन करून पोटच लहान करून घ्यायचं. दोन, कमी खायचं आणि चालायचं. दुसऱ्या वाटेत कष्ट लई, म्हणून मी अंबाजोगाईला एका डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, "ऑपरेशन करता येईल. पण त्याआधी तुम्हाला स्वतःहून पाच किलो उतरवावे लागतील."

"कसे?"

"कमी खाऊन. चालून."

"आणि ऑपरेशननंतर?"

"जन्मभर थोडं-थोडं खायचं. रोज चालायचं."

"मग सर, तुम्ही नेमकं काय करणार?"

त्यांनी मला तपासण्यांसाठी एक दिवस ॲडमिट करून घेतलं. तिथं पप्पूनं माझा पलंगावरचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'दादाच्या पोटाचं ऑपरेशन.'

आता आमच्याकडं कुणी दवाखान्यात असलं की बघायला जावंच लागतं. न गेलेल्या माणसाचं नाव दहा वर्षं निघतं. आणि रिकाम्या हातानं जायचं नसतं. दुपारी टेम्पो आला. त्यातून बावीस माणसं आणि एकोणतीस डबे उतरले.

सगळ्यांत पुढं शेजारच्या वनिता वहिनी. त्यांनी तेल सुटलेलं चिकन आणि भाकरी समोर मांडली.

"वहिनी, मला कमी खायला सांगितलंय."

"ते पोट कापल्यावर. आता हाय तवर खाऊन घ्या."

हा मुद्दा सगळ्या टेम्पोला पटला. एकाचं खाल्लं आणि दुसऱ्याचं ठेवलं, तर दुसऱ्याच्या घरी पुढं पाणी प्यायची सोय राहत नाही. म्हणून मी सगळ्यांचं खाल्लं. घरी आल्यावर, ज्यांना टेम्पोत जागा मिळाली नव्हती ते आले. आजारी माणसासमोर बसून त्याला जेवताना बघितल्याशिवाय आमच्या माणसांना धीर येत नाही.

पंधरा दिवसांनी काट्यावर एकशे तेवीस भरलो. डॉक्टरांनी काटा दोनदा तपासला.

"मी उतरवा म्हणालो होतो."

"लोक बघायला येत होते, सर."

"आधी लोकांचं काहीतरी बघा," ते म्हणाले. "ऑपरेशनचं नंतर."

राहिली नैसर्गिक वाट. रोज पहाटे नांदूरघाट रस्त्यानं सहा किलोमीटर चालायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी दूधवाला थांबला. "कावून पायी निघाला? बस."

"चालतोय, काका."

"माझ्या गाडीवर बसायला लाज वाटती का?"

बसलो. येताना मास्तर थांबले, त्यांच्याही गाडीवर बसलो. पहिल्या आठवड्यात मी बेचाळीस किलोमीटर चाललो. त्यातले छत्तीस मोटारसायकलवर.

मग मी रस्ता सोडून बांधाबांधानं चालायला लागलो, एक भाकरी आणि वरणावर राहिलो, लोक आले की झोपेचं सोंग घेतलं. लग्नाच्या आदल्या दिवशी बजरंगसमोर त्याच आडत दुकानातल्या काट्यावर एकशे सहा भरलो. सतरा किलो उतरवले होते. मी अभिमानानं खाली उतरलो.

"उरलेले सोळा?" बजरंग म्हणाला.

त्या संध्याकाळी चैतालीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं वजन बावन्न हाय."

"मग?"

"मग काय. तुमच्या घरातलंच माणूस हाय ना उद्यापासून?"

दुसऱ्या दिवशी विहारात वंदना झाली, हार घातले, आणि चैताली घोडीवर बसली. घोडीनं कानसुद्धा हलवला नाही. आई डोळ्याला पदर लावून हसत होती, आणि डोळे मिटायचं नाव काढत नव्हती. मी लगाम धरला. ऊन लई होतं, म्हणून कोट आणि हार काढून पप्पूकडं दिले आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला.

मंडपाच्या अलीकडं चैतालीकडचे एक म्हातारे पाहुणे काठी टेकत जवळ आले. घोडीला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, मग मला.

"घोडी गरीब हाय," ते म्हणाले. "वीस तारखेला मोकळी हाय का? आमच्या नातवाची वरात हाय."

"विचारून सांगतो."

"आणि ह्यो नवरदेव कुठं गेला? नवरी एकटीच दिसती."

"दमलाय," मी म्हणालो. "मागून येतोय."