भगदाडाचा जीर्णोद्धार

एका जंगलात, बाळांनो, फार पूर्वी एक मोठी लढाई झाली होती. कशावरून झाली, ते कुणालाच आठवत नव्हतं. कोण जिंकलं, ते मात्र सगळ्यांना पक्कं आठवत होतं. रानडुकरांना आठवत होतं, की रानडुकरं जिंकली. लांडग्यांना आठवत होतं, की लांडगे जिंकले.

ती लढाई ज्या माळावर झाली, तिथे एक बुरूज होता आणि एक दगडी कोठार होतं. बुरुजाला मोठं भगदाड पडलेलं होतं. कोठारावर गवत उगवलं होतं. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. म्हणून दोन्ही वास्तू शाबूत होत्या.

बुरुजाच्या एका भेगेत द्वारका नावाची घोरपड राहायची. तिची अंडी तिथेच, उबेला ठेवलेली होती. दुपारी डुकरांची आणि लांडग्यांची पिल्लं कोठारात लपंडाव खेळायला येत. द्वारका त्यांच्यावर खेकसायची. "आरडू नका रे, माझी अंडी दचकतात!"

एकदा वनराज वाघ शिकार करून माळावरून चालला होता. पोट जड झालं होतं. बुरुजाच्या सावलीत त्याने ताणून दिली. झोप छान लागली. उठल्यावर तो म्हणाला, "वा! काय हा इतिहास! हा जपलाच पाहिजे!"

झालं. समिती नेमली गेली. डुकरांकडून दंताजीराव आले, लांडग्यांकडून सुसाटराव आले. कामावर विद्याधर नावाच्या वानराला नेमलं. तो पलीकडच्या जंगलात जीर्णोद्धार शिकून आला होता. इथल्या कुठल्याही झाडावर तो आता चढत नसे. फक्त त्याचं निरीक्षण करी.

विद्याधरने पहिल्याच दिवशी द्वारकेला बाहेर बोलावलं.

"बाई, ही ऐतिहासिक वास्तू आहे. इथे राहता येणार नाही."

"अहो, माझ्या पणजीची पणजी इथे राहत होती."

"म्हणजे अतिक्रमण जुनं आहे," विद्याधर म्हणाला.

"माझी अंडी आहेत आत."

"ऐतिहासिक आहेत का?"

"यंदाची आहेत."

"मग उचला."

द्वारकेने एकेक अंडं तोंडात धरून कोठारात नेलं. दुसऱ्या दिवशी कोठाराचं माहिती केंद्र झालं. मग तिने ती पुन्हा उचलली आणि माळाच्या कडेला एका ओसाड वारुळात नेऊन ठेवली. लपंडाव खेळणाऱ्या पिल्लांनाही हाकललं गेलं. आत खेळायचं नाही, फक्त अभिमान बाळगायचा, असं त्यांना सांगण्यात आलं.

मग भगदाडाची पाळी आली.

"हे भगदाड आमच्या पूर्वजाने सुळ्याने पाडलं," दंताजीराव म्हणाले. "ते जरा मोठं करा. लांबून दिसलं पाहिजे."

"आमच्या पूर्वजांनी बुरूज शेवटपर्यंत राखला," सुसाटराव गुरगुरले. "भगदाड पडलंच नव्हतं. बुजवा!"

विद्याधरने दोघांचंही ऐकलं. सकाळी तो भगदाड मोठं करायचा, संध्याकाळी बुजवायचा. त्या ओढाताणीत बुरूज डुगडुगू लागला.

शेवटी कुणीतरी म्हणालं, त्या घोरपडीलाच विचारा. तिचं घराणं लढाईच्या वेळी इथेच होतं.

द्वारका आली. सगळे कान टवकारून बसले.

"माझी पणजी सांगायची," द्वारका म्हणाली, "लढाई सुरू होणार तेवढ्यात गारा पडायला लागल्या. लिंबाएवढ्या गारा! दोन्ही सैन्यं पळत बुरुजात शिरली. डुक्कर लांडग्याच्या मांडीवर, लांडगा डुकराच्या पाठीवर, अशी दाटी झाली. तेवढ्यात वीज कडाडली. सगळे एकदम एकाच भिंतीवर रेलले, आणि भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. मग जो तो आपापल्या घरी गेला."

"आणि जिंकलं कोण?" दंताजीरावांनी विचारलं.

"गारा," द्वारका म्हणाली.

मग दंताजीरावांनी सुसाटरावांकडे पाहिलं. सुसाटरावांनी दंताजीरावांकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"आमच्या पूर्वजांचा अपमान!" दोघे एका सुरात ओरडले. "हाकला हिला!"

द्वारकेला माळावर यायलाच बंदी झाली. ती वारुळापाशी जाऊन अंड्यांवर माती सारत बसली. तिला रडू येत होतं, आणि मधूनच हसूही येत होतं.

उद्घाटनाला सारं जंगल लोटलं. बुरुजाला नवा रंग दिला होता. अर्धा डुकरांच्या आवडीचा, अर्धा लांडग्यांच्या. वनराज फीत कापायला पंजा उगारणार, तेवढ्यात दंताजीराव म्हणाले, "विजेत्यांनी शेजारी उभं राहावं," आणि पुढे सरले.

सुसाटरावही त्याच क्षणी पुढे सरले होते.

पुढचं सांगायला नको, बाळांनो. या वेळी गारा पडल्या नाहीत. सुळे चालले, दात चालले. विद्याधर शिकलेलं सगळं विसरून जवळच्या झाडावर सरसर चढला. डुकरांनी धडक दिली, लांडग्यांनी ढकललं, आणि बुरूज कोठारावर कोसळला. इतकी वर्षं ऊनपाऊस सोसलेल्या दोन वास्तू दुपारच्या जेवणाआधी आडव्या झाल्या.

धूळ खाली बसल्यावर वनराजाने दगडांचा ढीग पाहिला. त्याचे डोळे पाणावले.

"वा!" तो म्हणाला. "आता कुठे हे खरं रणांगण वाटतंय! या ढिगाचा एक दगडही हलता कामा नये." ढिगाला कुंपण पडलं आणि नवी समिती बसली.

पुढे द्वारकेची पिल्लं बाहेर आली. त्यातलं एक चौकस होतं.

"आई, आपण मूळचे कुठले गं?"

द्वारकेने लांबवर, कुंपणाकडे पाहिलं. पणजीची सगळी गोष्ट तिच्या जिभेवर आली. तिने ती गिळून टाकली.

"या वारुळातले," ती म्हणाली. "चल, किडे पकडायला शिकवते."

तात्पर्य : बाळांनो, ऐतिहासिक वास्तूंचं जिवापाड जतन करा. पुढच्या पिढ्यांनाही भांडायला काहीतरी हवंच ना!