शिवलिंगअप्पांचं 'मजेत'

आमच्या गल्लीत शिवलिंगअप्पांना "काय, मजेत?" असं विचारायची सोय नव्हती. विचारणारा कोपऱ्यावर पोचलेला असायचा आणि अप्पा अजून दुकानाच्या पायरीवर विचार करत उभे. मग ते त्याला हाक मारून परत बोलवायचे. "मजेत न्हाई. सकाळी दाढ ठणकली. आता बरं हाय."

लातूर नवा नवा जिल्हा झालेला, त्यात पावसानं दगा दिलेला. बाहेरगावचे कारकून गल्लीत राहायला आले. त्यातल्या एकानं कचेरीत जाता जाता सहज विचारलं. अप्पांचं दुकान भांड्यांचं. ते म्हणाले, घागरी खपतायत, पण लोकांच्या नळाला पाणी नाही म्हणून खपतायत. ह्याला मजा म्हणावं का, तुम्हीच सांगा. बिचारा उशिरा पोचून साहेबाची बोलणी खाऊन आला आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या बोळानं जायला लागला.

पोट भरलं तर अप्पांच्या लेखी ते नुसतं 'बरं'. मजा म्हटलं की कशाची ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर शब्द फुकट घालवला. एकुलत्या लेकीला, महानंदाला, हेच वळण. जळकोटला दिल्यावर ती पत्रात लिहायची, "मी मजेत. काल शेतात हुरडा खाल्ला." अप्पा ते अख्ख्या गल्लीला वाचून दाखवायचे. आम्ही जाम कंटाळायचो.

त्या उन्हाळ्यात तिचं कार्ड आलं. सासूबाई बऱ्या आहेत, म्हैस बरी आहे, मी मजेत. मी म्हणालो, चांगलंच आहे की. अप्पांनी कार्ड उलटून पालटून पाहिलं. "कशानं, ते न्हाई लिहिलं," एवढंच म्हणाले, दुकानाला कुलूप घातलं आणि जळकोटची एसटी धरली. चांगली बातमी वाचून घाबरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, मी हसलो.

तिसऱ्या दिवशी ते लेकीला घेऊन आले. तिला सातवा महिना, आणि लांबच्या विहिरीचं पाणी शेंदून दोन्ही तळहात सोलून निघालेले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दुपारी मी त्यांच्याकडे पाण्याची कळशी घेऊन गेलो. महानंदा झोपली होती, अप्पा उशाशी बसून वारा घालत होते. मी म्हणालो, बरं झालं, तुम्ही ओळखलंत.

त्यांनी पंखा थांबवला नाही.

"बाप घाबरंल म्हणून लिहिलं तिनं," ते हळूच म्हणाले. "ती तीन अक्षरं लिहायला लई जड गेलं असंल पोरीला."