हरणेबाई फिरायला जातात

मुलांनो, सरकून बसा आणि चुळबुळ करू नका. एक जंगल होतं. चांगलं घनदाट होतं. पण त्यात राहणाऱ्या प्राण्यांना एक दिवस वाटलं, जंगलात राहण्यात काही अर्थ नाही. पावसात गळतं, उन्हात तापतं आणि पाहुण्यांना धड पत्ता सांगता येत नाही. म्हणून त्यांनी अर्धं जंगल तोडलं आणि तिथे इमारती बांधल्या. वसाहतीचं नाव ठेवलं 'रानमाया हाइट्स'.

इमारतीत राहायला गेल्यावर सगळ्यांची वजनं वाढली. गुडघे धरले. झोप उडाली. डॉक्टर घुबडे सगळ्यांना एकच औषध सांगू लागले.

"रोज सकाळी जंगलात फिरायला जा."

मग उरलेल्या जंगलाला फाटक बसलं. वर 'निसर्ग उद्यान' अशी पाटी लागली. ज्या जंगलातून सगळे बाहेर पडले होते, त्याच जंगलात ते रोज सकाळी बूट घालून जाऊ लागले.

या वसाहतीत चौथ्या मजल्यावर हरणेबाई राहायच्या. यजमान वारले होते. मुलगा मृगांक आणि सून दिवसभर कामावर. बाईंचा मागचा एक पाय आखडला होता. डॉक्टरांनी त्यांनाही फिरायला सांगितलं. मृगांकने आईसाठी पांढरेशुभ्र बूट आणले. दोन जोड आणावे लागले, कारण पाय चार.

बाई उद्यानात गेल्या, तर तिथे ही गर्दी! वडाखाली भालेराव अस्वलांचा हास्यवर्ग चालला होता. दोन्ही हात वर करून सगळे मोठमोठ्याने हसत होते. विनोद कुणीच केला नव्हता. रस्त्याच्या मधोमध उद्यान समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब चालले होते. ते गाड्या कुठे लावाव्यात यावर बोलत होते आणि त्यांच्या मागची दहा-बारा मंडळी माना डोलावत होती.

बाईंनाही त्यांच्याबरोबर चालायचं होतं. पण आखडलेला पाय. त्या मागे पडल्या.

"या हो तुम्ही सावकाश!" भालेराव ओरडले आणि वळणापलीकडे गेले.

दोन-चार दिवस हेच झालं. मग बाईंनी मोठा रस्ता सोडला आणि ओढ्याच्या कडेची पायवाट धरली. तिकडे कुणी येत नसे. तिकडे बूट मळायचे.

एका सकाळी कुसुंबाच्या झाडाखाली त्यांना वाघ भेटला.

बाई जागच्या जागी थिजल्या. पळायचं ठरवलं, पण पायाने ऐकलं नाही.

"घाबरू नका," वाघ म्हणाला. "मीही फिरायलाच आलोय. शुगर निघालीय."

"शुगर?" बाईंच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"हो. शिवाय दाढाही पडल्या. चला तुम्ही पुढे, मी मागून येतो. मागून येण्याची मला सवय आहे."

बाई निघाल्या. मुलांनो, त्या दिवशी त्या जशा चालल्या तशा कित्येक वर्षांत चालल्या नव्हत्या! कान ताठ, मान ताठ, नाक वाऱ्यावर. घरी आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. पण पाय मोकळा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. का गेल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हळूहळू दोघं बोलू लागली. वाघ पूर्वीच्या जंगलाबद्दल सांगे. बाई मृगांकच्या लहानपणाबद्दल सांगत. काही दिवसांनी वाघ मागून चालायचं सोडून शेजारून चालू लागला.

"माझ्याशी कुणी बोलत नाही हो," तो एकदा म्हणाला. "मला बघितलं की सगळे पळतात. तुमचा पाय आखडला होता म्हणून आपली ओळख झाली."

"माझ्याशीही कुणी बोलत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मला बघून तर कुणी पळतही नाही."

दोघंही हसली. त्याला वर्ग लागला नाही.

एके दिवशी भालेराव पायवाटेला आले. डॉक्टरांनी त्यांना मध बंद केला होता, म्हणून ते पोळं शोधायला एकटेच आले होते. त्यांनी वाघ पाहिला आणि असे धावले की त्यांचं वर्षभराचं फिरणं एका सकाळीत झालं. घरी पोचायच्या आत त्यांनी वसाहतीच्या ग्रुपवर निरोप टाकला: 'जंगलात वाघ!!!'

संध्याकाळी सभा भरली.

"जंगलात वाघ येतो म्हणजे काय?" भालेराव कडाडले. "समिती झोपली होती का?"

कोल्हेसाहेब उभे राहिले. "मित्रांनो, जंगल सगळ्यांचं आहे. म्हणूनच वाघाने तिथून गेलं पाहिजे. ओढ्याच्या काठाने कुंपण घालू आणि त्याला पलीकडे ठेवू."

हरणेबाई मागच्या रांगेतून उठल्या. सभेत त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या.

"तो कुणाला काही करत नाही. मी रोज त्याच्याबरोबर फिरते."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मृगांकने खाली मान घातली.

"बाई," कोल्हेसाहेब प्रेमळपणे म्हणाले, "तुम्ही अजून जिवंत आहात, हा तुमचा वैयक्तिक अनुभव झाला. समितीला वैयक्तिक अनुभवावर चालता येत नाही."

"आई, बसा ना," सून दबक्या आवाजात म्हणाली. "आपल्याला इथेच राहायचंय."

बाई बसल्या. कुंपणाचा ठराव मंजूर झाला. पण कुंपणाला वरून परवानगी लागत होती, आणि काहीतरी घडल्याशिवाय वरचे परवानगी देत नव्हते.

"हीच तर अडचण आहे," कोल्हेसाहेब उसासा टाकून म्हणाले. "वाघाने अजून काहीच केलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहाटेच ओढा गाठला आणि वाघाला सगळं सांगितलं.

"मी टेकडीपलीकडे जातो," वाघ म्हणाला. "आता या वयात भांडण नको."

"मी थोडं पोचवायला येते," बाई म्हणाल्या.

ओढा ओलांडताना त्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि दगडांत मुरगळला. बूट काढावा लागला. तो काठावरच राहिला. तरी मागे न फिरता कशाबशा त्या टेकडी चढून उतरल्या आणि पलीकडे पोचल्यावर खालीच बसल्या. पाय टम्म सुजला होता.

"तोंडात धरून घरी सोडू का?" वाघाने विचारलं.

"नको," बाई लगेच म्हणाल्या.

मग वाघ त्यांच्यापाशीच थांबला. दुपारी तो कुठूनसा पाल्याचा भारा घेऊन आला. सगळा रुईचा पाला.

"हे आम्ही खात नाही हो," बाई म्हणाल्या.

वाघ ओशाळला. "इतकी वर्षं तुमच्या जातीशी संबंध आला," तो म्हणाला, "पण तुम्ही काय खाता, हे मी कधी विचारलंच नाही."

बाईंनी त्याला गवत ओळखायला शिकवलं. सूज उतरेपर्यंत तो रोज कोवळं गवत आणून देत होता.

इकडे मृगांक जंगलभर हाका मारत हिंडला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भालेरावांना ओढ्याकाठी पांढरा बूट सापडला.

कोल्हेसाहेबांनी तो बूट दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. काही जण म्हणतात, ते रडत होते. काही जण म्हणतात, ते आभार मानत होते.

परवानगी तातडीने आली. भराभर कुंपण उभं राहिलं. त्याला पलीकडे जाण्यासाठी एक दार ठेवलं. दाराशेजारी दगडी बाक बसवला आणि त्यावर कोरलं: 'वाघाच्या हल्ल्यात बळी पडलेल्या कै. हरणेबाई यांच्या स्मरणार्थ.' रविवारी मंत्री गजराज येऊन उद्घाटन करणार, असं ठरलं.

आणि शुक्रवारी हरणेबाई त्याच उघड्या दारातून लंगडत घरी आल्या.

मृगांकने दार उघडलं आणि आईच्या गळ्यात पडून तो लहान मुलासारखा रडला. सुनेने गरम पाणी आणलं, पाय शेकला, तीही रडली. हे अगदी खरं आहे, मुलांनो. त्या दोघांना मनापासून आनंद झाला होता.

दुपारी कोल्हेसाहेब आले.

"आनंद झाला," ते पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले. "पण बाई, तुम्ही जरा घाई केलीत."

"घाई?"

"बाक बसलाय. कुंपण उभं आहे. मंत्र्यांचं भाषणसुद्धा तयार आहे. तुम्ही आता जिवंत आहात म्हणून कळलं, तर हे सगळं कशासाठी केलं म्हणून विचारतील. फक्त रविवारपर्यंत कळ काढा. सोमवारपासून खुशाल जिवंत राहा."

बाईंनी मुलाकडे पाहिलं.

मृगांक नखाने टेबल खरवडत राहिला. "आई," तो म्हणाला, "दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे."

बाई फक्त म्हणाल्या, "मला कार्यक्रमाला यायचंय."

रविवारी त्या डोक्यावरून शाल घेऊन तिसऱ्या रांगेत बसल्या. मंत्री गजराज त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. मग भालेराव उठले.

"बाई रोज माझ्याबरोबर चालायच्या," ते म्हणाले. "त्या दमल्या तर मी थांबायचो." इतकं बोलून त्यांनी रुमालात नाक शिंकरलं.

शेजारच्या खुर्चीवर मुंगसेवहिनी डोळे टिपत होत्या. त्या शालीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ओळखत होतात का त्यांना?"

"थोडंफार," बाई म्हणाल्या.

"फार गोड स्वभाव होता हो. एकदा घरी बोलवायचं राहूनच गेलं."

हरणेबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण इतक्या चांगल्या होतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहू या," कोल्हेसाहेब म्हणाले.

सगळे उठले. सगळ्यांनी डोळे मिटले. पहिल्या रांगेत मृगांक मान खाली घालून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हाक मारावी असं त्यांना वाटलं. पण एवढ्या शांततेत हाक मारणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी शालीची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि कुंपणाच्या उघड्या दारातून त्या पलीकडे चालत गेल्या.

डोळे उघडताच टाळ्या पडल्या. मंत्री पुढे झाले. त्यांनी दार ओढलं आणि नव्या कोऱ्या कुलपात किल्ली फिरवली.

मृगांकने मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत शाल होती. आई नव्हती.

"आई!" तो ओरडला आणि धावत जाऊन त्याने कुंपणाच्या जाळीवर डोकं टेकलं.

सगळ्यांचं काळीज हललं. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. रानमाया हाइट्सच्या स्मरणिकेत तोच पहिल्या पानावर छापला.

तात्पर्य: दुबळ्याने बलवानाशी मैत्री करू नये, त्यात जीव जातो, असं थोर लोक सांगतात. तुम्ही खुशाल करा, मुलांनो. जीव वगैरे काही जात नाही. फक्त सुखरूप घरी परत येऊ नका. लोकांनी एवढी तयारी केलेली असते.