बाबांच्या टेबलाची घडी

"अर्ध्या दिवसाचं काम आहे! टेबल भिंतीला बिजागऱ्यांवर टांगायचं. लागलं की खाली, नको असलं की वर. गॅरेजात गाडीपण मावेल आणि टेबलपण! त्यासाठी सुतार कशाला हवा?"

बाळ्या असं म्हणाला, तिथेच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं. वय अठ्ठावन्न, आजोबा झाला, तरी थोरल्या बहिणीने ठेवलेलं 'बाळ्या' हे नाव काही सुटलं नाही. सगळं स्वतःच करायची हौस तर मुळीच सुटली नाही.

टेबलही साधंसुधं नव्हतं. बाबा शिंपी, आणि हे त्यांचं कापड बेतायचं टेबल. वर बाबांची कात्री कचकच चालायची आणि खाली चिंध्यांच्या ढिगात ताई-बाळ्याचा संसार. बाबा गेले, दुकान गेलं, टेबल बाळ्याच्या गॅरेजात आलं आणि गाडी उन्हात रस्त्यावर गेली. बायको कुरकुरायला लागली, तेव्हा ताईने फोनवर निकालच दिला, "जागा नसेल तर रविवारी टेंपो घेऊन येते. टेबल मी नेते."

हे मात्र बाळ्याच्या जिव्हारी लागलं. बाबांची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू उरली होती!

अर्ध्या दिवसाचं काम आठवडाभर चाललं. भिंतीला भोकं पाडली, ती चुकली म्हणून शेजारी दुसरी पाडली, भिंतीची पार चाळणी झाली. टेबलाचे मागचे पाय काढले, पुढच्यांना बिजागऱ्या लावल्या. शेवटी एकदाचं टेबल वर उचललं गेलं आणि भिंतीवरच्या आकड्यात अडकलं. बाळ्याने स्वतःच टाळ्या वाजवल्या!

रविवारी ताई आली. मागोमाग टेंपोही आला.

"आता बघच!" म्हणत बाळ्या ऐटीत गाडीत बसला आणि त्याने ती अलगद आत घातली. "मावली की नाही?"

"मावली रे बाबा. आता बाहेर ये."

बाळ्याने दार उघडलं. ते दोन बोटं उघडलं आणि टेबलाला टेकलं. पलीकडचं दार भिंतीला. त्याने एकदा ढकललं, दोनदा ढकललं, तिसऱ्यांदा असा काही धक्का मारला की आकडाच निसटला आणि टेबल धाडकन गाडीच्या टपावर! दुमडलेला एक पाय सुटून गाडीच्या बाजूच्या आरशात अडकला.

"मागे घ्या, मागे!" बायको ओरडली.

"पाय मोडेल!"

"अगं बाई! कुणाचा?"

"टेबलाचा!"

"मग घ्या की मागे!"

"खबरदार!" ताई गरजली. "बाळ्या, हलू नकोस. मी येते!" आणि गुडघेदुखी विसरून ती डिक्कीतून आत शिरली. सीटवरून सरपटत, एक चप्पल बाहेर टाकून, धापा टाकत बाळ्याशेजारी येऊन बसली.

गाडीत अंधारलं होतं. बाळ्याच्या उघड्या खिडकीशी टेबलाची खालची बाजू तिरकी ओणवली होती. ताईचं लक्ष तिकडे गेलं आणि ती किंचाळली, "अय्या! बेल!"

कोटाचं लाल बटण, बारीक खिळ्याने ठोकलेलं. टेबलाखालच्या घराची ती बेल. ठोकली बाबांनीच. खालून बटणावर टकटक झाली की वरून बाबा 'ट्रिंग' म्हणायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी म्हणायचे. तोंडात टाचण्या असल्या तर दात न उघडता म्हणायचे. बाळ्याने आठवडाभर त्या बटणाला धक्का लावला नव्हता.

ताईने हात लांब करून बटण दाबलं. वरून काही आवाज आला नाही. येणार तरी कुठून? तिचा चेहरा एवढासा झाला.

बाळ्या दात न उघडता म्हणाला, "ट्रिंग."

ताई रडायलाही लागली आणि हसायलाही. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "राहू दे रे तुझ्याकडेच."

"अहो, काय न्यायचंय नक्की?" बाहेरून टेंपोवाला ओरडला.

"ही दोघं न्या!" बायको म्हणाली. "टेबल राहू दे!"

शेवटी टेंपोवाल्यानेच मागून हात घालून टेबल उचलून धरलं, तेव्हा कुठे गाडी सुटली. टेबलाची पुन्हा घडी करायची नाही, अशी ताईची सक्त ताकीद आहे. त्यामुळे जागा वाचवायची युक्ती इतकी झकास जमली, की गाडी परत उन्हात रस्त्यावर!

परवा बायको चहा घेऊन गॅरेजात गेली, तर बाळ्या दिसेना. वाकून बघते तो स्वारी टेबलाखाली. पडलेला स्क्रू शोधतोय म्हणे!

"चहा घ्या," ती म्हणाली.

"आधी बेल," खालून आवाज आला.

तिने कपाळावर हात मारला. मग इकडेतिकडे बघून हळूच बटण दाबलं.